आम्ही बाहेर देत नाही

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी मिरवणारा पुणेरी दुकानदार सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा सख्खा चुलतभाऊ कारखानदारीत आहे, त्याच्याकडे मात्र कोणाचं फारसं लक्ष गेलेलं नाही. याचं ब्रीद 'आम्ही बाहेर देत नाही'. त्याची पाटी कुठे लावलेली दिसणार नाही, कारण पाटी रंगवणारा माणूस बाहेरचा. शेडवरचं नाव त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेलं असतं. 'इंजिनिअरिंग'ने सुरुवातीलाच ऐसपैस जागा घेतल्यामुळे 'वर्क्स' खिडकीच्या चौकटीवर चढलेलं असतं. कोणी बोट दाखवलं तर म्हणतो, "वाचता येतंय ना? मग झालं."

हा गृहस्थ पर्वती इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये भेटतो, हडपसरला भेटतो, धायरी-नऱ्ह्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर गल्लीगणिक भेटतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, चार कामगार, कोपऱ्यात कटिंग ऑइलचे शिंतोडे उडालेला गणपती. कामगार त्याला काका म्हणतात, आपणही काकाच म्हणू. काकांनी डिप्लोमा केला, काही वर्षं एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये काढली आणि मग कर्ज काढून पहिला लेथ घेतला. कागदोपत्री ते मालक आहेत. प्रत्यक्षात ऑपरेटर गावी गेला की ऑपरेटर, मोटर जळली की वायरमन, माल पोचवायचा असला की टेम्पोचा ड्रायव्हर आणि टेम्पो बिघडला की त्याचा मेकॅनिकही तेच. औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी ते झाडलोटही करून घेतात, म्हणजे स्वतःच.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, "त्यात काय एवढं?" हे दुसऱ्याने दर सांगितला की येतं. दुसरं, "सांगत बसेपर्यंत माझं करून होतं." हे कोणी मदतीला आलं की येतं. दुसरं वाक्य खोटं नाही, हीच तर त्यातली अडचण. एक नग करायचा असेल तर समजावून सांगण्यापेक्षा करणं खरोखर लवकर होतं. काका तीस वर्षं एकेक नगच करत आले आहेत, फक्त असे नग रोज तीनशे असतात.

कंजूष म्हणून त्यांना निकालात काढू नये. मायक्रोमीटर घेताना ते मागेपुढे पाहत नाहीत. कामगाराच्या मुलीच्या फीला पैसे देतात आणि पुन्हा विषय काढत नाहीत. त्यांचा हिशेबही पक्का. बाराचा बार कापताना सॉ ब्लेडमध्ये किती मटेरियल जातं ते त्यांना तोंडपाठ आहे, विजेचं युनिट पाठ आहे, इन्सर्टची एक धार किती नगांनंतर बसते तेही पाठ आहे. या सगळ्या हिशेबात फक्त एक रकाना कोरा असतो. मुलीने एकदा एक्सेल उघडून विचारलं, "बाबा, तुमचा तासाचा रेट काय धरू?" काका म्हणाले, "माझा कसला रेट? मी घरचाच."

या उत्तरामुळे काकांनी स्वतः केलेलं प्रत्येक काम फुकट पडतं, आणि फुकटाशी स्पर्धा कोण करणार? जीएसटीचंच बघा. महिन्याच्या वीस तारखेच्या रात्री काका चष्मा कपाळावर चढवून पोर्टलसमोर बसतात. रिटर्न भरायला सीए जे मागतो ते त्यांना लूट वाटते. रात्री साडेअकराला पोर्टल गोल फिरत राहतं, तारीख उलटते, दिवसाला पन्नास रुपये लेट फी लागते. तो अन्याय वाटतो. लूट आणि अन्याय यांतून निवड करायची वेळ आली की काका दर महिन्याला अन्याय निवडतात, आणि दुसऱ्या दिवशी लेथवर जांभया देत एखादा बोअर जादा काढून बसतात. तो नग कोणत्या खात्यात टाकायचा हे एक्सेललाही कळत नाही.

गंमत अशी की काकांच्या घरात येणारा एकूण एक रुपया कोणीतरी काम बाहेर दिल्याचा असतो. त्यांचे बुश आणि स्पेसर ज्या कंपनीला जातात ती ते स्वतः करू शकली असती; तिने बाहेर दिले म्हणून काका उभे राहिले. मुलगी हिंजवडीला ज्या कंपनीत आहे तिथे अमेरिकेतल्या बँकेची कामं चालतात. बँकेने ती बाहेर दिली म्हणून. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ताटातल्या पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आलेल्या असतात. हा निर्णय काकूंनी काही वर्षांपूर्वी एका दुपारी घेतला. "अहो, आजपासून पोळ्या बाहेरून," एवढंच त्या म्हणाल्या. तुलनात्मक तक्ता नाही, तीन कोटेशनं नाहीत. काका पहिल्या दिवशी पोळीची जाडी बोटांनी चाचपून बघत होते. "व्हेरिएशन आहे," म्हणाले. काकूंनी आणखी एक वाढली.

पुण्याच्या उद्योगाने ही वाट आधी चालून पाहिली आहे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा भरत गेला. टाटांची ट्रक बनवणारी टेल्को १९६६च्या सुमारास इथे आली तेव्हा तिचे सूत्रधार सुमंत मुळगावकर यांनी यंत्रं आणि साचे बनवायची सोयसुद्धा आपल्याच आवारात केली. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं, कारण त्या प्रतीचं काम बाहेर करणार कोण? मग त्याच टूलरूममधून आणि ट्रेनिंगमधून तयार झालेली माणसं बाहेर पडली, त्यांनी शेड टाकल्या, आणि कंपन्यांना काम द्यायला बाहेर हात मिळाले. काकांना हा इतिहास माहीत आहे, अभिमानाने सांगतात. आपण त्याच्या कोणत्या टोकाला उभे आहोत हे मात्र त्यांच्या ध्यानात येत नाही. ते अजून १९६६मध्ये आहेत.

त्यांचा खरा पूर्वज हेन्री फोर्ड. फोर्डने रूज नदीकाठी असा कारखाना उभा केला की एका बाजूने लोहखनिज आत जावं आणि दुसऱ्या बाजूने मोटार बाहेर यावी. टायरच्या रबरासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून १९२८ मध्ये ब्राझीलच्या जंगलात त्याने स्वतःचं रबराचं गाव वसवायला घेतलं. झाडांना रोग लागला, कामगार बिथरले, आणि १९४५ मध्ये ते गाव मोठ्या तोट्यात ब्राझील सरकारला देऊन कंपनी मोकळी झाली. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि विचारलं, "झाडं जवळजवळ लावली होती का?" लावली होती. "मग बरोबर. तिथेच चुकला तो."

त्याच फोर्डच्या देशात १९३१-३२ साली रोनाल्ड कोस नावाचा एक इंग्रज विद्यार्थी शिष्यवृत्तीवर कारखाने हिंडत होता. बाजारात सगळं मिळतं तर कंपनी काढायचीच कशाला, आणि कंपनी इतकी सोयीची असेल तर सगळं जग म्हणजे एकच मोठी कंपनी का नाही, हा त्याचा प्रश्न. १९३७ मध्ये त्याने उत्तर लिहिलं: बाहेरून काम करून घ्यायलाही खर्च येतो. माणूस शोधा, भाव करा, कागद करा, मागे लागा. हा खर्च घरात करण्यापेक्षा जास्त आहे तोवर काम घरात ठेवावं. या विचाराला पुढे १९९१ चं नोबेल मिळालं. काकांनी कोस वाचलेला नाही, पण 'मागे लागा' या एका कलमावर त्यांनी जे मूलभूत काम केलं आहे ते कोणत्याही विद्यापीठाला जमलेलं नाही.

कारण एक काम त्यांना बाहेर द्यावंच लागतं: प्लेटिंग. अॅसिडच्या टाक्या, सांडपाणी, प्रदूषण मंडळाची परवानगी, हे शेडमध्ये बसत नाही. (काकांनी बसवून पाहिलं होतं. प्लॅस्टिकचं पिंप, एक जुना बॅटरी चार्जर. काकूंच्या तुळशीने त्या आठवड्यात मान टाकली.) तर माल टेम्पोत भरून काका स्वतः प्लेटिंगवाल्याकडे जातात आणि माल सोडून परत येत नाहीत. तिथे एक स्टूल आहे, ते त्यांचंच मानलं जातं. दहा ते सहा काका त्या स्टुलावर बसून दुसऱ्याच्या टाकीकडे बघत असतात. "आता काढा," म्हणतात. प्लेटिंगवाला म्हणतो, "काका, अजून चार मिनिटं." काका घड्याळ काढतात. संध्याकाळी तोच माल घेऊन परत येतात आणि मुलीला सांगतात, "बघ, बाहेर दिलं की आपला दिवस वाया जातो."

जॉबवर्कला माल पाठवायचा म्हणजे चलान आलं, आणि चलान म्हटलं की काकांच्या पोटात गोळा. कायद्यात सगळी व्यवस्था आहे. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे कर न भरता माल कामाला पाठवता येतो, मात्र कच्चा माल एका वर्षात परत आला पाहिजे, यंत्रसामग्री तीन वर्षांत. साचे, डाय, जिग-फिक्स्चर यांना ती मुदत नाही. एवढंच कशाला, टर्निंग करताना निघणाऱ्या भंगाराचाही विचार कायद्याने केला आहे. तरी कोणत्याही शेडमध्ये जॉबवर्कची बोलणी जिथे फिस्कटतात ती जागा दर नसून भंगारच असते. भंगार माझं धरून एक दर, तुझं धरून दुसरा. काका दोन्ही दर ऐकतात आणि तिसरा सुचवतात: भंगार वजन करून परत. असं म्हणणाऱ्या माणसाकडे जॉबवर्कवालाही दुसऱ्यांदा येत नाही, मग काका म्हणतात, "बघा, माणसं टिकत नाहीत."

आता ते अगदीच काही बाहेर देत नाहीत असं नाही. मार्चमध्ये देतात. कंपनीचं वर्ष संपत आलेलं असतं, शेड्यूल अचानक दुप्पट होतं, एक ऑपरेटर लग्नाला गेलेला असतो तो परत येत नाही. काका दोन रात्री काढतात, तिसऱ्या रात्री खुर्चीवरच डुलकी लागते आणि चौथ्या दिवशी सकाळी फोन फिरवायला लागतात. मार्चमध्ये सगळेच फोन फिरवत असतात. चांगले हात आधीच बांधले गेलेले, उरलेले दुप्पट दर सांगणार, ड्रॉइंग नीट समजावायला वेळ नाही, पहिला नग तपासून 'चालू करा' म्हणायची उसंत नाही, आपलं गेज त्याच्याकडे ठेवायचं सुचत नाही. माल येतो तो निम्मा बाद. मग पुढचे अकरा महिने काका या एका अनुभवावर काढतात. ज्या माणसाने बाहेर देण्याची सुरुवात ऑगस्टमधल्या एखाद्या रिकाम्या आठवड्यात, पन्नास नगांपासून केली त्याचं नाव घेतलं की म्हणतात, "त्याचं नशीब."

काय बाहेर द्यावं यावरही त्यांचा हात उलटा चालतो असं माझं निरीक्षण आहे. गिऱ्हाईक काकांकडे येतं ते त्यांच्या बोअरसाठी. ती फिनिश, तो दोन-चार मायक्रॉनवरचा हात दुसऱ्या कोणाला नाही. हिशेब, वाहतूक, पॅकिंग, साधं ड्रिलिंग यांसाठी कोणी त्यांच्या दारात येत नाही. पण घाई झाली की काका काय सोडतात? बोअर. कारण पॅकिंगचे खोके स्वतः भरल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र ते सरळ. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असा नियम आहे, आणि उशीर करणाऱ्या मोठ्यांना अलीकडे आयकरातही त्याचा चटका बसू लागला आहे. काकांना त्यांचे पैसे तीन महिन्यांनी मिळोत, ते स्वतः जॉबवर्कवाल्याला माल हातात आल्याच्या दिवशी देतात. आधी तीन तास मोजून, पण त्याच दिवशी.

इस्टेटमध्ये त्यांची एक गोष्ट सांगतात, तिच्यात तिखटमीठ किती ते देव जाणे. मुलीने फारच लावून धरल्यावर काकांनी एकदा ऐन पावसाळ्यात, काही घाई नसताना, स्पेसरचं ड्रिलिंग-टॅपिंग बाहेर दिलं. पाच रुपये नग. ज्याला दिलं त्याच्याकडे टॅपिंगची सोय होती, ड्रिल मोकळं नव्हतं. त्याने ड्रिलिंग पुढे एका दलालाला साडेतीनला दिलं. दलालाने चार ठिकाणी विचारलं. कोणाचंच ड्रिल रिकामं नव्हतं, फक्त एकाचं होतं, कारण त्याने आपलं काम नुकतंच बाहेर दिलं होतं. "काका, दोन रुपयाने करता का? अर्जंट आहे." काका म्हणाले, "त्यात काय एवढं? आणून टाका."

माल रात्री उशिरा आला, त्यामुळे खोक्यावरचं स्वतःचं अक्षर त्यांनी पाहिलं नाही असं त्यांच्या बाजूचे लोक म्हणतात. दुसरे म्हणतात, पाहिलं, पण हातातलं काम टाकायची त्यांना सवय नाही. दोन दिवसांत सगळे नग ड्रिल होऊन गेले, टॅपिंग होऊन, तीन चलानं फिरून आठवड्याने त्यांच्याच शेडमध्ये परत आले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, गेज घेतलं, एकेक नग उजेडात धरून पाहिला आणि अकरा बाजूला काढले. भोकं ठीक नाहीत. चलानावर लाल पेनने 'रिजेक्ट' लिहून त्यांनी फोन लावला आणि पलीकडच्याला ऐकवलं, "अहो, हे ड्रिलिंग कोणी केलंय? त्या माणसाला पुन्हा काम देऊ नका."