उरलेल्या लोकरीचा धर्मादाय निचरा

दानासाठी विणलेले ब्लँकेट हा घरातला लोकरीचा साठा मोकळा करण्याचा सर्वमान्य मार्ग आहे. साठा पलंगाखालच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने नांदतो. नातवाच्या स्वेटरसाठी आणलेली आणि नातू कॉलेजात गेला तरी न सोडलेली लडी त्यात हमखास सापडते. क्रोशाला दोन सुयांवरच्या विणकामापेक्षा सुमारे एक तृतीयांश लोकर जास्त लागते, त्यामुळे पुण्य आणि निचरा दोन्ही लवकर साधतात. अडचण रंगांची. पोपटी, राणी आणि लिंबू रंगाच्या चौकोनांना एकत्र नांदवायला पांढरी किनार हवी. पांढरी लोकर साठ्यात कधीच नसते, आणि दुकानात गेलेले कोणी एकच गुंडा घेऊन परतत नाही. साठा अशा रीतीने संपता संपता वाढतो.

हवामान ही गौण बाब. चेन्नईत 31 जानेवारी 2016 रोजी ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 11,148.5 चौरस मीटरचे ब्लँकेट अंथरून गिनेस विक्रम केला. त्या शहरात जानेवारीतही पंखे फिरत असतात. चेन्नईऐवजी म्हैसूर घेतले, तर ते निदान समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांवर आहे. तिथे पांघरूण लागते ते पहाटे, फुटपाथवर निजणाऱ्याला. जाळीदार क्रोशातून वारा बिनतक्रार आत येतो, आणि शेकोटीची ठिणगी पडली की ॲक्रिलिक वितळते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, कुरुब मेंढपाळांनी विणलेली काळी घोंगडी टोचते खरी, पण वारा आणि पावसाची भुरभुर अडवते. ती मात्र कोणाच्या पेटीत उरलेली नसते. विकत आणावी लागते.