जरा विचारून सांगतो

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीकाका पूर्वी सूचना स्वतः लिहीत. ‘उद्या टाकी धुणार. पाणी नाही. आज भरून ठेवा. मागाहून बोंबलू नये.’ शुद्धलेखन बेताचेच, पण फळ्यावर ही सूचना लागली की अर्ध्या तासात घरोघरच्या बादल्या भरलेल्या असत.

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले. काकांच्या मोबाईलपर्यंत पोचायला त्याला जरा वेळ लागला. पण पोचले ते घरजावयासारखे राहिलेच. आता काहीही विचारा, काका म्हणतात, “जरा विचारून सांगतो.” भाचीला आशीर्वाद, जिन्यात चपला ठेवणाऱ्यांना तंबी, सगळे तिथूनच येते. काका आळशी आहेत असे मात्र समजू नका. वाढदिवसाच्या दोन ओळींसाठी ते पाऊण तास खपतात. ‘अजून भावपूर्ण कर.’ ‘एवढं नको, तो माझा साडू आहे.’

खरे तर मी बोलू नये. आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, तोंडपाठ होती. मला साडेतीन किलोचा हिशेब मोबाईलवर करावा लागतो. पण औटकी साऱ्या गावाची होती. ‘मागाहून बोंबलू नये’ हे फक्त काकांचे होते.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२५मध्ये ५४ जणांवरचा एक प्रयोग मांडला. चॅटजीपीटीच्या मदतीने निबंध लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याच निबंधातले एक वाक्यही नीट सांगता येईना. प्रयोग लहान आहे, लगेच डोक्यावर घेऊ नये. आम्ही मात्र तो गच्चीवर डोळ्यांनी पाहिला. काकांच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून पंगत होती. उखाण्याचा आग्रह झाला. काकांनी चष्मा चढवला, मोबाईल लांब धरला आणि चांदणे, मोगरा, सात जन्म असे करत खड्या आवाजात वाचले, “कंसात पत्नीचे नाव!”

काकू जिलेबी वाढता वाढता म्हणाल्या, “चाळीस वर्षांत तेवढं तरी पाठ व्हायला हवं होतं.”

गेल्या महिन्यात पुन्हा टाकी धुवायची निघाली. ग्रुपवर सूचना आली, ‘आदरणीय रहिवासीहो, पाणी हे केवळ द्रव नाही, तर आपल्या सहजीवनाचा प्रवाह आहे...’ पुढे पाच मुद्दे, प्रत्येकाआधी एकेक चित्र. टाकी चौथ्या मुद्द्यात होती. तेवीस जणांनी हात जोडले, दोघांनी ‘सुंदर विचार’ म्हटले. बादली एकानेही भरली नाही.

सकाळी सात वाजता अंगाला साबण लावून नळाखाली उभे असलेल्यांत खुद्द काकाही होते. टॉवेल गुंडाळून त्यांनी खिडकीतून वॉचमनला हाक मारली, “पाणी कधी येणार रे?”

वॉचमनने कुणालाही न विचारता खडू उचलला आणि फळ्यावर लिहिले : ‘पानी चारला येल. तवर बोंबलू नये.’