हमखास दाखवणारे सर

सांगलीत पक्षी दाखवणारे पुष्कळ आहेत; शीळकरी कस्तूर ‘हमखास’ दाखवणारे सर मात्र एकच. सांगली-मिरजेच्या उसाच्या पट्ट्यात हा पक्षी नसतोच, त्यामुळं सरांना खोडून काढायला कुणी उरत नाही.

विश्रामबागच्या कट्ट्यावर सरांना ऐकावं. कस्तूर घाटमाथ्यावरचा, ओढ्याकाठच्या दाट झाडीतला. पहाटे अंधारात अशी शीळ घालतो की एखादं पोरगं शाळा बुडवून उंडारतंय असं वाटावं. १८३१ साली व्हिगर्स नावाच्या साहेबानं त्याला शास्त्रात आणलं आणि हॉर्सफील्ड या दुसऱ्या निसर्ग-अभ्यासकाचं नाव त्याला चिकटवलं. सर हे अशा थाटात सांगतात की त्या बारशाचे पेढे साताऱ्याहून त्यांनीच नेले असावेत.

“चला महाबळेश्वरला. हमखास दाखवतो!”

गाडी निघाली. पेठ नाक्यावर चहा होईतो ‘हमखास’चं ‘बहुतेक’ झालं. कराड मागं पडल्यावर सर म्हणाले, “शेवटी पाखरू आहे, त्याची मर्जी.” पाचवडला वळून, वाई ओलांडून पसरणीच्या घाटाला लागलो, तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, “खरं म्हणजे पक्ष्यापेक्षा त्याचा अधिवास समजून घेणं महत्त्वाचं.” समुद्रसपाटीपासूनची उंची आणि सरांची खात्री यांचं प्रमाण व्यस्त आहे.

मुहूर्तही त्यांचाच. अरण्यलेखक चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात सरांना उधाण येतं. पण कस्तुराची वीण मुख्यतः पावसाळ्यातली, म्हणून गाणंही पावसाळ्यातलं. नोव्हेंबरात त्याची मैफल जवळजवळ बंद. फार तर एखादी कर्कश किंकाळी.

ओढ्यावर पोचलो. दगडावरून काहीतरी काळं सर्रकन सावलीत गेलं.

“दिसला निळा?”

“काळा दिसला, सर.”

“निळाच असतो तो! कपाळ बघायचं, खांदा बघायचा. तुमचं ऊन चुकलं.”

हे मात्र खरं होतं. त्याची झळाळती निळाई उजेड पडल्याशिवाय दिसत नाही, आणि हा गडी खेकडे-किडे टिपत सावलीतच वावरतो. पण सरांची खरी बाब अशी फटकन निघून जाते की तिचं कौतुक करायलाही सवड मिळत नाही. लगेच पुढचं वाक्य आलं, “तुम्ही जुलैत यायला हवं होतंत.”

“मग जुलैत नेता का?”

“जुलैत? त्या पावसात लेन्स बाहेर काढायची नसते. शिवाय जळवा.”

परतताना टपरीवर चहा घेतला. सर चहावाल्याला कस्तुराचं वर्णन ऐकवू लागले. तो साखर ढवळत म्हणाला, “ते व्हय? पावसाळ्यात रोज पहाटं शिट्ट्या मारून झोपमोड करतंय की ओ. हितंच, मागच्या वढ्याला.”

सरांनी वहीत ‘स्थानिक माहितगाराकडून दुजोरा’ अशी नोंद केली.

तुम्हाला कस्तूर ऐकायचाच असेल तर जून ते सप्टेंबरात महाबळेश्वर, कोयना किंवा चांदोलीकडं मुक्काम करा, झुंजुमुंजू व्हायच्या आत उठा आणि वाहत्या ओढ्याजवळ गप्प उभे राहा. सरांना कळवू नका. ते येतील, आणि बोलतील.