व्हिस्की नाल्याचा हिशेब

सायकलीच्या सांगाड्याला, बैठकीखाली आणि हँडलला लहान लहान पिशव्या आवळून बांधाव्यात, त्यांत तंबू, झोपण्याची पिशवी, पंक्चरचे सामान व चार दिवसांचे खाणे कोंबावे आणि मागे कोणाचीही गाडी न ठेवता लांबच्या मुलखात निघून जावे, ह्या प्रकारास बाइकपॅकिंग असे म्हणतात. मागील चाकावर कॅरिअर बसवून दोन्ही बाजूंना ओझी लटकवण्याची जुनी पद्धत आपल्याकडील दूधवाल्यांना फार पूर्वीपासून अवगत होती. नव्या पद्धतीत सामान कमी आणि किंमत जास्त असते, एवढा फरक स्थूलमानाने सांगता येईल. वजनाविषयी ह्या पंथाचे नियम कडक असून, टूथब्रशची दांडी अर्धी कापून चार-पाच ग्रॅम वाचवणे हा त्यातील दीक्षाविधी होय. मराठी साधक हा विधी यथासांग पार पाडतो आणि निघताना घरच्यांच्या आग्रहाला बळी पडून एक किलो चिवडा बरोबर घेतो.

डोंगरातील कठीण दिवसाचे वर्णन करताना निसर्गाशी झुंज, मनोनिग्रह इत्यादी शब्द वापरण्याचा प्रघात आहे. तो दिशाभूल करणारा आहे, कारण डोंगर कोणाशीही झुंजत नाही, तो आपल्या जागी बसून असतो. आणि मनोनिग्रह म्हणावा, तर एकट्या सायकलस्वाराचे मन दिवसभर खाण्यापलीकडे जात नाही. कठीण दिवस हा वस्तुतः जमाखर्चाचा दिवस असतो. चढावर मिळवलेला प्रत्येक मीटर ही कमाई आणि वाटेतला उतार हा खर्च, असे मानून जो चालतो त्याची अवस्था बिकट होते. आणि भेटवस्तूवरचा कागद न फाडता अलगद काढून गादीखाली घडी करून ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसाला दुसरे काही मानताच येत नाही. प्रस्तुत लेखक ह्या विषयाचा अभ्यासक कमी आणि उदाहरण जास्त आहे, हे येथेच नमूद केलेले बरे.

ह्या सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी मनाली–लेह रस्त्यावरील सरचू ते पांग हा सुमारे ८० किलोमीटरांचा टप्पा उत्तम आहे. सरचू सुमारे ४,२९० मीटर उंचीवर, हिमाचल प्रदेश आणि लडाख यांच्या सीमेवर वसते. वसते म्हणजे उन्हाळ्यापुरते तंबूंत वसते. सकाळी बाटलीतील पाण्याचा बर्फ झालेला असतो आणि बिस्किटांचा पुडा फुग्यासारखा टम्म फुगलेला असतो. उंचावर ऑक्सिजन कमी असतो असे म्हटले जाते, परंतु त्याचे हवेतील प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, जो ५,००० मीटरवर समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा भरतो, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच अपुरा येतो. ह्याचा व्यावहारिक अर्थ असा की, बुटाची नाडी बांधण्यास वाकलेला मनुष्य दोन मिनिटे तेथेच बसून राहतो आणि आपण कशासाठी वाकलो होतो ह्याचा विचार करतो.

पहिले वीसेक किलोमीटर रस्ता त्साराप नदीच्या कडेने निमूट जातो, आणि मग गाटा लूप्स लागतात. एकाच उतरंडीवर रचलेली ही २१ वळणे सायकलस्वाराला सुमारे साडेचारशे मीटर वर नेतात. येथे पुढील सर्वांत लहान आणि मागील सर्वांत मोठे दातेरी चक्र जोडून चालवण्याचा, ग्रॅनी गिअर नावाचा, उपाय करावा लागतो. त्यात पाय शिलाई-यंत्रावर बसल्यासारखे फिरतात आणि सायकल मात्र आजीबाईंच्याच चालीने सरकते. वळणांवर कोठेतरी दगडांचे लहानसे ठाणे आहे आणि त्याभोवती पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग असतो. ट्रक बंद पडल्यावर राखणीसाठी मागे ठेवलेला एक क्लीनर थंडीने व तहानेने येथे मेला आणि त्याचे भूत येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाणी मागते, अशी आख्यायिका आहे. मोटारीतून येणारे भाविक बाटली ठेवून पुढे जातात. ज्याच्याजवळ एकूण पाऊण लिटर पाणी उरले आहे, त्या सायकलस्वारापुढे मात्र गंभीर धर्मसंकट उभे राहते. प्रस्तुत लेखकाने टोपणभर पाणी ओतून, उरलेले पांगला गेल्यावर, असा वायदा केला. भुताने तो मान्य केला असावा, कारण पंक्चर झाले नाही.

एकविसाव्या वळणानंतर नकी ला येते. ‘ला’ म्हणजे तिबेटी कुळातील भाषांत खिंड. त्यामुळे ‘नकी ला खिंड’ म्हणणारा मनुष्य खिंड दोनदा चढतो. पताका फडफडत असतात, छाती भरून येते, सायकलस्वार पुढे पाहतो आणि रस्ता खाली जाताना दिसतो. पुढची लाचुंग ला सुमारे ५,०६० मीटर उंच आहे, म्हणजे अजून चढायचेच आहे. असे असताना रस्ता मध्येच दीड-एकशे मीटर उतरून व्हिस्की नाला नावाच्या ओढ्याशी जातो. हा उतार उतरताना प्रौढ माणसे ब्रेक दाबून धरतात, जणू हळू उतरल्याने उंची कमी खर्च होणार आहे. ह्या दुःखाचे मोजमाप करता येते. सायकल, स्वार आणि चिवड्यासह सामान यांचे वजन १०० किलो धरले, तर १५० मीटर वर नेण्यास सुमारे ३५ किलोकॅलरी कार्य लागते. शरीर खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा पायडलपर्यंत पोहोचू देत असल्यामुळे प्रत्यक्ष खर्च १४० किलोकॅलरींच्या घरात जातो. म्हणजे सहा-सात ग्लुकोज बिस्किटे. एवढ्यासाठी सरकारचा, रस्ता बांधणाऱ्यांचा आणि हिमालयाच्या भूस्तररचनेचा उद्धार होत असतो.

व्हिस्की नाल्यावर व्हिस्की नसते, हंगामी तंबूंत चहा असतो. तेथे उभ्या असलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमधून मराठी ऐकू येण्याची शक्यता बरीच असते, कारण महाराष्ट्रातील मंडळी लडाखला मोठ्या संख्येने जातात आणि सायकलवर मागे बांधलेली वाळत घातलेली बनियन त्यांना माणसाची ओळख पटवण्यास पुरते.

“एकटाच का रे बाळा?” असा प्रश्न येतो. त्रेचाळीस वर्षांचा बाळ मान हलवतो.

“घरी माहितीये ना पण?”

एकट्याने, स्वावलंबनाने प्रवास करण्याच्या तत्त्वाची ह्यापेक्षा कठोर चिकित्सा संभवत नाही. उत्तर मिळण्याआधीच स्टीलच्या डब्याचे झाकण निघते, जुन्या वर्तमानपत्राचा तुपाने पारदर्शक झालेला तुकडा बाजूला होतो आणि डिंकाचा लाडू हातावर ठेवला जातो. ह्या लाडवात दीडशे मीटर सहज भरून निघतात, वर शिल्लक राहते. त्याला बाहेरची मदत मानावे काय, ह्यावर पंथात मतभेद होऊ शकतील. दुसरा लाडू घेताना ते मनात येत नाहीत.

लाचुंग ला दुपारच्या वाऱ्यात, बरीचशी सायकल ढकलत, पार होते आणि पुढे पांगपर्यंत वीस-बावीस किलोमीटरांच्या खडबडीत उतारावर साडेचारशे मीटर उंची एका झटक्यात उधळली जाते. व्हिस्की नाल्याच्या तिप्पट असलेल्या ह्या खर्चाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण खाली पॅराशूटच्या कापडाचे तंबू आहेत, ते चालवणाऱ्या लडाखी बायका आहेत आणि राजमा आहे. येथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे राजमा प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही. शिट्ट्या मोजत पंधरा मिनिटे बसावे लागते. तंबूच्या दारातून समोर, दुसऱ्या दिवशी निघाल्याबरोबर लागणारी, मोरे मैदानाकडे चढणारी वळणे स्वच्छ दिसतात. सायकलस्वार उठतो, खुर्ची उचलतो आणि कुकरकडे तोंड करून बसतो.