उतार कुणाच्या दारात

'औंधला नदीवर नवा पूल' अशी बातमी अधूनमधून पेपरात येते आणि आमच्या एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर चहा पिणारे क्षणभर गप्प होतात. मग कुणीतरी बातमी पुढं वाचतं. त्यात मुळा नदी निघते, सांगवी निघते, आणि पेपर घडी होऊन पुन्हा बाकावर पडतो. ते औंध पुण्याचं. आमचं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. डोंगरावर यमाई, डोंगराच्या वाटेवर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं संग्रहालय, खाली राजवाडा. गावात नदी नाही. तळं आहे. तळ्यावर पूल बांधा अशी मागणी अजून कुणी केलेली नाही, पण निवडणुका काय, येतच असतात.

नदी नसलेल्या गावचा माणूस पुलाच्या बाबतीत निःपक्षपाती असतो, असा एक समज आमच्या नातेवाइकांत आहे. त्यामुळं सांगलीच्या पुलाच्या वादात मला न मागता पंचाची खुर्ची मिळाली. माझे मामा कृष्णेच्या अलीकडं, सांगलीच्या पेठेत राहतात, दुकानही तिथंच. दाजी पलीकडं, सांगलीवाडीत. दोघांच्या मधे कृष्णा आणि आयर्विन पूल. मामांकडं जेवलं की मामांचं पटतं. दाजींकडं चहा झाला की दाजींचं पटतं. पुलावरून चालत येताना मधोमध थांबलं तरच काय ते स्वतःचं मत सुचतं, पण तिथं थांबलं की मागची मोटारसायकल हॉर्न वाजवते.

आयर्विन पूल 1929 चा. चिंतामणराव पटवर्धनांच्या संस्थानी काळात झालेला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले होते, म्हणून ते नाव. त्याआधी नावेनं ये-जा. नाव ही पुलापेक्षा फार समजूतदार वस्तू. पाणी सरकलं की ती सरकते, आज या घाटाला लागली तर उद्या त्या घाटाला, आणि तिच्यासाठी कुणाची पायरी पाडावी लागत नाही. पुलाचं तसं नाही. तो एकदा जिथं उतरला तिथं उतरला, आणि त्याच्या तोंडाशी जो चौक तयार होतो तोच पुढं गावाचं नशीब ठरवतो. सांगलीच्या बाजूला पूल टिळक चौकात उतरतो. तिथून गणपती मंदिर हाकेच्या अंतरावर, गणपती पेठ, कापड पेठ, हरभट रोड, सगळी बाजारपेठ जवळजवळ. बैलगाड्या, टांगे आणि संस्थानिकांची एखादी मोटार, एवढ्यांसाठी तो उतार प्रशस्त होता. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत येणारा ट्रॅक्टर त्या काळच्या इंजिनिअराच्या स्वप्नातही आला नसणार.

मग 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, त्यावरच्या एसट्यांसकट. त्यानंतर महाराष्ट्रभर जुन्या पुलांकडं लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले. आयर्विनवर चढताना दाजींनी हळूच मोटारसायकलचा वेग वाढवायला सुरुवात केली ती तेव्हापासूनच. ओझं जेवढं कमी वेळ पुलावर राहील तेवढं बरं, हा त्यांचा हिशेब. पुलाला तो पटला असेल की नाही सांगता येत नाही.

पर्यायी पूल हवा, यावर सांगलीत सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यांचं एकमत आहे म्हणजे जागा अजून ठरलेली नाही, एवढं समजावं. जागेची चर्चा सुरू झाली आणि एकमत नदीकाठीच राहिलं. पूल पेठेच्या अंगानं आणायचा, की लांबून, की जुन्याच्या अगदी खेटून, यावर निवेदनं निघाली, बैठका झाल्या, आणि प्रत्येक बैठकीत कुणीतरी हातात नकाशा उलटा धरून बोललं.

मामांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती.

"पूल पाहिजेच की. पण पेठेतनं नको."

"मग कुठनं?"

"वरच्या अंगानं काढा ना. जागा काय कमी हाय नदीला?"

"वरच्या अंगाला बायपासचा पूल आहेच, मामा. तिकडनं जाणारा माणूस पेठेत येतो का कधी?"

मामांनी चष्मा काढून पुसला. दुकानदाराची अडचण मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पूल दारात आला तर रुंदीकरण येतं, दुकानाचा दर्शनी भाग जातो, ओटा जातो, पाटीसुद्धा जाते. पूल लांब गेला तर गिऱ्हाईक जातं. म्हणजे पूल इतका जवळ हवा की सांगलीवाडीची सासुरवाशीण लुगडं घ्यायला चालत यावी, आणि इतका दूर हवा की तिला सोडायला आलेली जीप दुकानासमोर उभी राहू नये. अशी जागा नदीवर कुठंही सापडत नाही. ती फक्त दुकानदाराच्या मनात असते आणि तिथून तिचं भूसंपादन करता येत नाही.

मी मामांना धीर द्यायला म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण दिलं. बेळगावात नगरपालिकेच्या योजनेपायी त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा आमच्या औंधच्या बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ 32 एकर माळ दिला. निवडुंगाचा आणि सापांचा माळ. 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढं सगळ्या देशात लोखंडी नांगर गेले. जागा गेली म्हणजे सगळं गेलं असं नव्हे, असा माझा मुद्दा.

"त्यांना राजा भेटला," मामा म्हणाले. "आम्हाला मोजणीवाला भेटणार."

यावर औंधच्या माणसाकडं उत्तर नव्हतं.

दाजींचा वाद निराळा. त्यांना पेठेची पर्वा नाही. त्यांना पाण्याची आहे. सांगलीवाडीला पुराचं काय असतं ते त्यांना पुस्तकातून शिकायचं नाही. पावसाळ्यात सांगलीत कुशल विचारायची रीतच बदलते. "बरं आहे ना?" असं कुणी विचारत नाही, "आयर्विनला किती?" असं विचारतात. उत्तर फुटात येतं. पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात; 40 फूट इशाऱ्याचे, 45 फूट धोक्याचे. मग "कोयनेतून किती सोडलंय?" हा दुसरा प्रश्न. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं तेव्हा लोकांना वाटलं, यापेक्षा जास्त काय होणार. 2019 च्या ऑगस्टात ते 57 फुटांच्याही वर गेलं. तेव्हा दाजींचं कुटुंब दोन दिवस गच्चीवर होतं, आणि आज पुलाबद्दल बोलताना त्यांचा आवाज मामांपेक्षा खालच्या पट्टीत असतो, याचं कारण तेच.

"पाव्हणं, पूल कुठंबी बांधा," ते म्हणाले. "पर त्येचा भराव किती उंच करणार ते आदी सांगा. रस्ता उंच झाला की पानी जायचं कुठनं? तुमच्या पुलाचा उतार आमच्या अंगणात नदी आनून सोडंल."

"पण दाजी, मोऱ्या ठेवतात भरावात."

"ठेवत्यात. आन मग मोऱ्यांत कचरा ठेवत्यात."

इंजिनिअर मंडळींची निवड करायची तऱ्हा या दोघांपेक्षा वेगळी. त्यांना नदीचा सरळ पट्टा लागतो, वळण नको. पात्र अरुंद, काठ भक्कम, तळाशी खडक कमी खोलीवर. आणि पूल शक्यतो प्रवाहाला काटकोनात. ते नदीकडं बघतात. मामा पेठेकडं बघतात. दाजी आकाशाकडं. तिघंही एकाच पुलाबद्दल बोलतात, आणि प्रत्येकाला इतर दोघं विषय सोडून बोलतात असं वाटतं. खरं सांगायचं तर माणूस पुलावर असतो तो दोन-तीन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ तो पुलाच्या टोकाशी राहतो. म्हणून पाण्यावरच्या गाळ्यांचं डिझाइन फार कुणी विचारत नाही. जोडरस्ता कुणाच्या दारातून जातो एवढंच विचारतात.

आमच्याकडच्या नद्यांनी ही पंचाईत कधी आणली नाही. येरळा खटाव तालुक्यातच उगम पावते, वडूजवरून जाते आणि खाली ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. कृष्णेला मिळेपर्यंत ती नदी असल्याचा पुरावा बरेचदा वाळूच देते. उन्हाळ्यात कुठूनही पलीकडं जावं. बैलानं, मोटारसायकलनं, चालत. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की चार-दोन तास थांबावं, तंबाखू मळावी, अलीकडच्या गावात कुणाचं लग्न ठरलं ते विचारून घ्यावं. जिथं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तिथं पाणी अडवायच्या भिंतीवरूनच लोक पलीकडं जातात. तो पूल म्हणून कुणी मंजूर केलेला नसतो, त्यामुळं त्याच्या जागेवरून भांडणही होत नाही.

आणि संस्थान असतानाही औंधला पूल बांधायचा म्हटलं तर आधी प्रश्न पडला असता, कुठल्या तुकड्यावर? पंगतीत वाढणाऱ्याचा हात हलला की बुंदी जशी पानापानांतून सांडते, तसं ते संस्थान सांडलेलं होतं: औंध इथं, आटपाडी तिकडं माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात, गुणदाळ थेट विजापूरच्या बाजूला. मधे ब्रिटिशांचा मुलूख, आणि भोवतीनं सांगली, मिरज, जत अशी दुसऱ्यांची राज्यं. समजा एखाद्या पुलाचं एक टोक औंधात आणि दुसरं शेजाऱ्याच्या हद्दीत उतरलं असतं, तर मधल्या कमानीवर जकात कुणी घ्यायची यावरच दोन दरबारांचे कारकून म्हातारे झाले असते.

इंजिनिअर मात्र औंधला आला होता. मॉरिस फ्रीडमन, मूळचा पोलंडचा, बंगलोरला विजेच्या सामानाच्या सरकारी कारखान्यात काम करणारा. एवढा इंजिनिअर हाती लागला तर दुसऱ्या कुठल्याही राजानं त्याच्याकडून धरण, पूल, निदान दिव्यांचे खांब तरी करून घेतले असते. इथं तो, बाळासाहेब आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत गांधीजींकडं गेले आणि राज्यघटना घेऊन आले. जानेवारी 1939 मध्ये राजानं आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली. गावात निवडलेली पंचायत आणि न्यायही गावातच. मला कधी कधी वाटतं, त्या पंचायतीपुढं सांगलीचा पूल ठेवायला हवा होता. तिथं निदान मामा आणि दाजी एका वडाखाली समोरासमोर बसले असते. आता मामांचं निवेदन एका टेबलावर असतं, दाजींचं दुसऱ्या, आणि दोन्ही टेबलांच्या मधे पूल नाही.

वाहतुकीच्या कोंडीचं खापर नदीवर फोडण्यात मात्र अर्थ नाही, हे मी औंधकर म्हणून ठामपणे सांगतो. पौष महिन्यात यमाईच्या यात्रेला आमच्या गावात नदी नसताना, पूल नसताना, पलीकडचा काठही नसताना अशी कोंडी होते की खेळणीवाल्याचे फुगे तेवढे पुढं सरकतात. रस्त्याच्या एका बाजूला ऊसरसवाला, दुसऱ्या बाजूला बांगड्या, मधे उलटी घातलेली जीप, आणि 'पुढं काय झालंय बघा की' असं म्हणणारे सगळे मागचे. नवा पूल गाड्यांना टिळक चौकात चटकन आणून सोडील, हे खरं. चौकात आल्यावर त्या कुठं जाणार, हे पुलाच्या आराखड्यात मावत नाही. चौकातल्या भाजीच्या गाड्या आणि तिरप्या लावलेल्या मोटारसायकली यांना पर्यायी जागा शोधणं कृष्णेवर गाळे टाकण्याहून कठीण आहे, कारण नदीच्या तळाशी खडक तरी लागतो.

अखेर आयर्विनच्या शेजारीच समांतर पूल झाला. आता वाद मिटला असेल म्हणून मी परवाच्या बारशाला दोघांनाही एकाच पंगतीला बसवलं. दाजींनी विषय काढला, वाहतूक पोलिसांनी एकेरी करावी. जाताना नवा पूल, येताना जुना. सोपं काम.

मामांनी श्रीखंडाची वाटी खाली ठेवली.

"जाताना म्हणजे," त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगलीला जाताना, का आम्ही सांगलीवाडीला जाताना?"