तीन पाकळ्यांचा स्क्रू

निन्टेन्डोच्या स्विच या गेम कन्सोलचा डावा जॉय-कॉन, म्हणजे डाव्या हातातला कंट्रोलर, घ्या आणि उलटा करा. मागे चार बारीक स्क्रू दिसतील. घरातला एकही स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागत नाही, कारण त्यांच्या डोक्यावरची खाच तीन पाकळ्यांची आहे. म्हणून हा स्क्रू साध्या स्क्रूपेक्षा जास्त घट्ट बसतो असं काही नाही. ज्याने पदरचे पैसे मोजून वस्तू घेतली, त्याला आत डोकावू द्यायचं नाही, एवढ्यासाठी तो तिथे आहे. या स्क्रूवर माझा राग आहे आणि तो जुना आहे.

कारण आत जे बिघडतं ते नखाएवढं असतं. अंगठ्याने ढकलायची दांडी, तिच्याखाली कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी आणि त्या थरावरून सरकणारं धातूचं टोक. टोक कुठे टेकलंय यावरून यंत्राला कळतं की अंगठा कुठे दाबलाय. रोज घासून घासून थर झिजतो, भुकटी तिथेच साठते, आणि मग कुणी हात न लावताही पडद्यावरचा मारिओ चालत सुटतो, थेट दरीत. याला खेळणारे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. चालणं-पळणं सगळं डाव्या अंगठ्यावर असल्यामुळे डावा जॉय-कॉन बहुधा आधी जातो.

स्विच बाजारात आलं मार्च २०१७ मध्ये. २०१९ मध्ये अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने बिघडलेले जॉय-कॉन उघडून तपासले, तेव्हा आतली झीज आणि आत शिरलेली धूळ दोन्ही सापडली. एप्रिल २०२३ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केलं की युरोपातल्या ग्राहकांना ही दुरुस्ती कंपनी फुकट करून देईल, वॉरंटी संपली असली तरीही. तिथे ग्राहक संघटना हात धुऊन मागे लागल्या होत्या, म्हणून हे झालं.

आपल्याकडे? भारतात स्विच आलं ते आयात करणाऱ्या दुकानदारांच्या हातून आणि दुबई-सिंगापूरहून परतणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून. ज्या यंत्राला इथे कंपनीचं दार नाही, त्याची वॉरंटी कुणाच्या दारात घेऊन जायची? नवी जोडी घ्यायची तर अमेरिकेतच तिची किंमत वर्षानुवर्षं ८० डॉलरच्या घरात होती. सुटी दांडी काही शे रुपयांत मिळते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि हे टाळता येत होतं. सेगाचा ड्रीमकास्ट हा कन्सोल १९९८ मध्ये जपानात आला, तेव्हा त्याच्या कंट्रोलरच्या दांडीखाली चुंबक आणि चुंबकाची जागा ओळखणारा सेन्सर होता. याला हॉल इफेक्ट म्हणतात. दोन भाग एकमेकांना टेकतच नाहीत, मग झिजणार काय? ही युक्ती उद्योगाला इतक्या आधीपासून माहीत असूनही स्विचमध्ये घासणारी पट्टी आली, आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्येही चुंबकवाली दांडी नाही. आयफिक्सिट या दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या संस्थेने स्विच २ ला दुरुस्तीसाठी १० पैकी ३ गुण दिले. शाळेत एवढ्या गुणांवर पालकांना बोलावून घेतात.

तेव्हा उघडा. घरी उघडा, जेवणाच्या टेबलावर उघडा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, मोबाईलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे, तीन पाकळ्यांचा ड्रायव्हर मिळतो. दुकानदार आयफोनचा पुढे करील, तो बारीक पडतो. ‘वाय शून्य शून्य’ मागा. ड्रायव्हर फिरवण्याआधी खाली नीट दाबायचा, मगच फिरवायचा. घिसाडघाई केली की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कुणाच्या बापाला निघत नाही. कोऱ्या कागदावर जॉय-कॉनचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा; लांबी वेगवेगळी असते, अदलाबदल झाली तर झाकण बसत नाही.

झाकण उघडताना हिसका द्यायचा नाही. दोन्ही अर्ध्या भागांना जोडणाऱ्या चपट्या तारांच्या पट्ट्या असतात. सर्वात आधी बॅटरीचं कनेक्शन काढायचं, मग बाकी सगळं. बॅटरी चिकटवलेली असते, ती प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने अलगद सोडवायची, टोकदार काही लावायचं नाही. मग खरी परीक्षा त्या पट्ट्यांची. पट्टी ओढायची नसते. तिच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याहून लहान झडप असते. ती नखाने वर उचलली की पट्टी आपसूक सुटते. दांडी स्वतः दोनच स्क्रूंवर बसलेली असते. नवी बसवायची, पट्टी सरळ आत सरकवायची, झडप खाली, उलट्या क्रमाने सगळं बंद. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन दांडीचं कॅलिब्रेशन करायचं. बदलायचीच आहे तर चुंबकवाली दांडी घ्या. जॉय-कॉनच्या मापाची तीही मिळते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून काही दिवस निभावतं, पण उडालेला कार्बन फवाऱ्याने परत येत नाही.

आमच्या इमारतीतल्या सातवीतल्या एका मुलीला अशी झडप उचलताना मी पाहिलंय. जुनाच कुठला तरी कंट्रोलर होता. तिचे आजोबा टॉर्च धरून उभे, आणि ती वर न बघता त्यांना सांगत होती, ‘आजोबा, हात हलवू नका, सावली पडते.’ झडप उघडली तेव्हा तिने रोखलेला श्वास सोडला आणि पुढच्या स्क्रूकडे वळली. हे कौशल्य तिला कुठल्या क्लासमध्ये मिळालं नव्हतं, आणि विज्ञानाच्या पुस्तकातलं सर्किट तिला त्या संध्याकाळी जेवढं कळलं तेवढं वर्षभरात कळलं नसेल, असं मला वाटतं.

घरी दुरुस्ती धोक्याची, असं कंपन्या सांगतात. धोका कुठून येतो ते एक्सबॉक्स ३६० ने दाखवून दिलं. मायक्रोसॉफ्टचं हे यंत्र नोव्हेंबर २००५ मध्ये आलं आणि लवकरच घरोघरी मरू लागलं. समोरच्या बटणाभोवती तीन लाल दिवे पेटले की संपलं. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पण नेमकं काय तुटतंय, हे उघडपणे सांगितलं नाही. मग लोकांनी आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं चिपखालचं सोल्डर सुटतं, ते वितळवून परत बसवायला हवं. झालं, लोक चालू कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवू लागले. काही यंत्रं त्याने चालू व्हायची, चार दिवस खेळायची आणि पुन्हा लाल. चालू यंत्र कापडात गुंडाळून तापवणं म्हणजे घराला आग लावायची तयारी, पण त्या चार दिवसांमुळे सगळ्यांचा विश्वास बसला.

खरं कारण कंपनीच्या माणसांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं ते डिसेंबर २०२१ च्या ‘पॉवर ऑन: द स्टोरी ऑफ एक्सबॉक्स’ या माहितीपटात. यंत्र तापतं, थंड होतं, पुन्हा तापतं. या ताणाने जोड तुटत होते ते चिपच्या आतले. म्हणजे बाहेरून शेकून ते जुळणं शक्यच नव्हतं. उष्णतेने तुटलेली टोकं तात्पुरती टेकायची, एवढंच. यंत्र आलं त्याला तोवर सोळा वर्षं झाली होती. हेच वाक्य २००७ मध्ये सांगितलं असतं तर एकाही माणसाने टॉवेल उचलला नसता. माहिती दाबून ठेवायची आणि मग लोक अंधारात चाचपडले की त्यांनाच अडाणी म्हणायचं, हा उफराटा न्याय मला मान्य नाही.

आपली पिढी याहून लहान अंधारात वाढली. नव्वदीत टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले, बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिली कॉम्प्युटरच्या नकला. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. गेम चालू व्हायचा, श्रेय फुंकरीला. प्रत्यक्षात काम व्हायचं ते कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतला दमटपणा उलट तांब्याच्या पट्ट्यांना गंज आणतो. खोडरबराने त्या पट्ट्या घासणारी मुलं बरोबर होती. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, हातानेच कळलं होतं.

आता कायद्याकडे. अमेरिकेत १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने यंत्रातलं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणंच बेकायदा केलं. दर तीन वर्षांनी त्यात काही सवलती मिळतात. २०२१ मध्ये गेम कन्सोलला मिळाली ती फक्त डिस्क वाचणाऱ्या ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती, कारण कित्येक कन्सोलमध्ये ड्राइव्ह आणि मुख्य बोर्ड यांची सॉफ्टवेअरने गाठ बांधलेली असते आणि दुसरा ड्राइव्ह लावला तर यंत्र तो ओळखत नाही. मग राज्यांनी दुरुस्तीच्या हक्काचे कायदे केले. मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये, ओरेगनने २०२४ मध्ये. तिन्ही कायद्यांतून गेम कन्सोल वगळले. फोन दुरुस्त करा, धुलाई यंत्र दुरुस्त करा, कन्सोलला हात लावू नका. उद्योगाने दिलेलं कारण चाचेगिरीचं: कन्सोल उघडू दिला तर लोक चोरीचे गेम खेळतील. झिजलेली दांडी बदलणाऱ्याचा चोरीशी काय संबंध? चोर सोडून संन्याशाला फाशी देणं आणखी कशाला म्हणतात? ‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ या स्टिकरची गोष्टही तीच. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना ताकीद दिली की अशा अटी कायद्यात बसत नाहीत. त्या सहांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो तिघंही होते.

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. चांगलं पाऊल आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. सुटे भाग आणि सर्किटचे नकाशे विकत का होईना, मिळालेच पाहिजेत, असं बंधन येईपर्यंत कंपन्या हलणार नाहीत.

सगळंच घरी उघडावं असं मी म्हणत नाही. सोनीच्या पीएस४, पीएस५ या प्लेस्टेशनच्या पोटात वीजपुरवठ्याचा डबा असतो, प्लग काढल्यावरही त्यात भार उरतो. तो उघडायचा नाही. पीएस५ च्या मुख्य चिपवर थंडाव्यासाठी द्रवरूप धातू आहे, त्यातून वीज वाहते, एक थेंब भलतीकडे गेला तर बोर्ड जळेल. फुगलेली बॅटरी दिसली की हात मागे. तुटलेला एचडीएमआय पोर्ट गरम हवेची गन आणि मायक्रोस्कोप असलेल्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे द्या. त्याला नीट पैसे द्या, घासाघीस करू नका. गल्लीतला हा माणूस कुणाचंही सर्व्हिस मॅन्युअल हाती नसताना काम करतो.

बाकीचं मुलांना करू द्या. नीती आयोगाच्या योजनेतून देशभरातल्या हजारो शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या आहेत. तिथे नवे कोरे रोबोटचे संच कपाटात कुलूपबंद असतील तर ते बाहेर काढा, आणि शेजारी एक खोका ठेवा. पालकांना निरोप पाठवा की घरातले बिघडलेले कंट्रोलर, रिमोट, हेडफोन त्यात आणून टाका, बॅटरी काढून. ड्रायव्हरचा संच पाचशे रुपयांच्या आत येतो. त्याची मागणी येत्या पालक सभेत करा, आणि मुख्याध्यापकांनी ‘मुलं मोडतील’ असं म्हटलं तर सांगा की ते आधीच मोडलेलं आहे.