ओळखा पाहू, काय घातलंय!

मफिनकाकू कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत कोणत्याही सोसायटीत सापडतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांची संख्या एकदम वाढली. त्या हौसेतल्या बऱ्याच ओटीजींवर आता पोळ्यांचे डबे ठेवतात. ज्यांचा अजून तापतो, त्या अस्सल. ओळखण्याची खूण एकच. डब्याचे झाकण उघडण्याआधी प्रश्न येतो : "ओळखा पाहू, काय घातलंय!"

कृती त्या न विचारता सांगतात, आणि ती चोख असते. कणीक, बेकिंग पावडर, खायचा सोडा आणि मीठ एकत्र चाळायचे. दही, तेल आणि किसलेला गूळ वेगळा फेटायचा. दह्यातल्या आम्लाची सोड्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात, त्यामुळे मिश्रण करून गप्पा मारत बसता येत नाही. (काकू तरीही मारतात.) फार ढवळले तर ग्लूटेन ताणले जाऊन मफिन चिवट होतात. खजूर, मनुका, अक्रोडाचे तुकडे कोरड्या पिठात घोळवून घातले की सहसा तळाशी बसत नाहीत. आधी तापवलेल्या ओटीजीत १८० अंशांवर २० ते २५ मिनिटे. टूथपिक कोरडी निघाली की झाले.

खरे तर इथे थांबायला हरकत नव्हती. पण सुकामेवा दिसतो, आणि जे दिसते ते ओळखण्यात कसली मजा? म्हणून आत आणखी काहीतरी लपवले जाते : लाल भोपळा, नाचणी, बीट, शेवग्याचा पाला, एकदा तर आदल्या दिवशीचे शिकरण. लिफ्टमध्ये सापडलेल्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय मजला मिळत नाही. वॉचमनने "वेलची" म्हटले तर "जवळ आलात!" एवढेच. टँकरच्या बिलावरून पेटलेली सर्वसाधारण सभाही डबा फिरताच गप्प होते. अध्यक्ष, खजिनदार आणि थकबाकीदार एकाच गंभीर चेहऱ्याने चघळत बसतात. उत्तर दुधी असते. ठरावाचे काय झाले, ते इतिवृत्तात सापडत नाही. चुकून कुणी बरोबर ओळखलेच, तर पुढच्या खेपेला दोन जिन्नस लपवले जातात.

या छळाचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. संसारभर काकूंच्या आमटीत रोज काहीतरी पडत आले. काय पडले, हे घरात कुणी विचारले नाही. मीठ कमी पडले तेवढे मात्र बरोबर ओळखले गेले.

वाटपात मात्र काकूंकडून चूक होत नाही, हे नाइलाजाने नोंदवावे लागते. जैन शेजारणीच्या डब्यात बीट जात नाही. गूळ घातला म्हणून मधुमेह फसत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते; तळमजल्यावरच्या काकांना एकच मिळतो, तोही लहान साच्यातला, आणि तो त्यांच्या बायकोच्या हातात. परीक्षेच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मुलांच्या दाराशी डबा ठेवलेला असतो. त्यांना प्रश्न माफ. वरच्या मजल्यावरच्या कवळीवाल्या आजोबांसाठी अक्रोड दळून घातलेले असतात. आजोबा डोळे मिटतात, बराच विचार करतात आणि दर वेळी "बदाम" म्हणतात. या एकाच परीक्षार्थीला काकू पूर्ण गुण देतात.